सोडा म्हणजे धरा

माझी वहिनी लोकांना खाटेवर आडवं करून व्यायाम शिकवते. हे मी आजवर ज्याला ज्याला सांगितलं, त्याने हसून विचारलं, "मग आडवं व्हायला शिकवायचं काय असतं?" पूर्वी मीही त्या हसण्यात सामील व्हायचे. आता मी उत्तर द्यायला लागते, आणि ते इतकं लांबतं की समोरचा घड्याळ बघू लागतो. बघू दे. त्याला विचारायला कुणी सांगितलं होतं?

ही खाट साधी नसते. तिला रिफॉर्मर म्हणतात. लांबट लाकडी चौकट, तिच्यात रुळांवर पुढेमागे सरकणारी एक गादी, गादीच्या पोटाखाली लाल, निळ्या, पिवळ्या स्प्रिंगा, पायाशी एक आडवी दांडी, आणि डोक्याकडे छोट्या चाकांच्या कप्प्यांवरून आलेले दोन पट्टे. सरकणाऱ्या गादीला वर्गात सगळे 'गाडी' म्हणतात. गाडीवर आडवं व्हायचं, पट्ट्यांच्या मुठी हातात घ्यायच्या आणि ओढायचं. गाडी स्प्रिंगांशी भांडत वर सरकते. मग तिला हळूहळू, आवाज न करता परत आणायचं. खरी कसोटी त्या परत आणण्यात आहे, असं वहिनीचं म्हणणं. ओढायला काय, कुणीही ओढतं.

आमची जागा टायरच्या दुकानाच्या वर. लोखंडी जिना, जिन्याला रबराचा वास, वर एक लांब खोली, तिच्यात आठ खाटा दोन ओळींत. खोलीच्या तोंडाशी काचेचं दार आणि काचेबाहेर माझं काउंटर. फोन घेणं, नावं घेणं आणि तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे वाटणं हे माझं काम. मला तिथे वहिनीनेच चिकटवलं, कारण घरी बसून मी सगळ्यांच्या डोक्यावर मिऱ्या वाटते असं तिचं मत होतं. खाटेवर मात्र मी कधी चढले नाही. झोपायला मला यंत्र लागत नाही, हा माझा ठरलेला विनोद. वहिनी त्याला एकदाही हसली नाही.

पाटीची हकिगत सांगितलीच पाहिजे. पाटी मराठीतच हवी, लोकांना कळली पाहिजे, असा मालकांचा हट्ट. रंगाऱ्याने विचारलं, रिफॉर्मरला मराठीत काय म्हणायचं? मालकांनी शब्दकोश उघडला आणि पाटी लागली : 'सामूहिक सुधारक वर्ग. सुरक्षित व परिणामकारक.' आठवडा उलटायच्या आत एक बाई नवऱ्याचा दंड धरून जिना चढल्या आणि मला म्हणाल्या, "हे ट्रॅफिक पोलीस होते. रिटायर झाल्यापासून घरात उभे राहून आम्हाला हाताने थांबवतात. आधी मला स्वयंपाकघरातून येऊ देतात, मग सुनेला. कधीपर्यंत सुधारतील?"

वहिनीने त्या गृहस्थांना उभं केलं, वाकवलं, गुडघे दाबून पाहिले, ऑपरेशनं विचारली, रक्तदाब विचारला. मग म्हणाली, "पाठ सुधारेल. बाकीची हमी नाही." ते राहिले. आम्ही त्यांना पोलीसकाका म्हणू लागलो.

आता वहिनीबद्दल. अंगाने किरकोळ, मान सरळ, नजर मात्र सदा दुसऱ्याच्या खांद्यावर. रांगेत उभी असली की पुढच्या अनोळखी माणसाला म्हणणार, "खांदे कानापासून लांब ठेवा हो." लोक घाबरून आधी पाकीट चाचपतात. माझा दादा तिला पहिल्यांदा भेटला तेव्हा तिने त्याला चहाबरोबर एवढंच ऐकवलं की तुमचा डावा कुल्ला वर आहे. दादाला वाटलं नकार आला. तो होकार होता.

आधी ती पार्सलच्या कचेरीत होती. तिथे खोकी उचलता उचलता एक दिवस तिची पाठ धरली. ज्या खोक्याने धरली त्यात नुसती एक उशी होती. लोखंड उचलून काही झालं नाही आणि उशीने तिला तीन महिने आडवं केलं. त्या दुखण्यात तिला कुणीतरी रिफॉर्मरवर नेलं, पाठ सुटली, आणि ती तिथेच चिकटली. शिकली, परीक्षा दिल्या, मग कितीतरी वर्षं एकेका माणसाला शिकवत राहिली. पण एकेकट्याचे वर्ग तिला आवडायचे नाहीत. "एकटा माणूस आला की तो व्यायाम करत नाही," ती म्हणायची, "तो मला आपली कर्मकहाणी सांगतो. आठ जण असले की सगळ्यांनाच लाज वाटते, मग सगळे व्यायाम करतात."

म्हणून तिने मालकांच्या मागे लागून सामूहिक वर्ग सुरू केला, आणि मग तिचे नियम सुरू झाले. उतरताना दोन्ही पाय जमिनीला लागेपर्यंत एक हात दांडीवर. स्प्रिंग बदलायची ती गाडी जागेवर असतानाच. आणि सगळ्या स्प्रिंगा काढायच्या त्या उतरल्यानंतर, आधी नाही, कारण स्प्रिंग नसलेली गाडी भाजीच्या हातगाडीसारखी कुठेही पळते. ती स्वतः करून दाखवायला सहसा आडवी व्हायची नाही. "मी आडवी झाले की मला छत दिसतं," ती म्हणायची. "छताला काही होणार नाहीये." खोलीतून फिरत राहायची, बोलत राहायची, आणि सर्वांत नवखा जो असेल त्याच्या खाटेपाशी उभी राहायची.

पोलीसकाकांना जास्त स्प्रिंगा म्हणजे जास्त मर्दानगी वाटायची. वहिनीने त्यांना एकाच पिवळ्या स्प्रिंगवर ठेवलं तर ते थरथरायला लागले आणि खाट बिघडल्याची तक्रार घेऊन माझ्याकडे आले. हलक्या स्प्रिंगवर तोल सगळा स्वतःच सांभाळावा लागतो, हे त्यांच्या गळी उतरवता उतरवता आमच्या नाकी नऊ आले. दुसऱ्या टोकाला शिंपीणबाई. जन्मभर मशीनवर वाकून खांदे आखडलेले, आणि हाडं ठिसूळ, म्हणून डॉक्टरांनी पुढे वाकणं बंद केलेलं. बाकीचे वाकायचे तेव्हा वहिनी त्यांना वेगळं काहीतरी द्यायची, आणि त्या रोज फुरंगटून म्हणायच्या, "मलाच का वाकवत नाहीस? मी काय पाप केलंय?"

एकूण सगळं बरं चाललं होतं. मग 'सोडा'ने घात केला.

जोर लावताना श्वास बाहेर, हा या व्यायामाचा पाया. म्हणजे गाडी पार वर गेलेली, स्प्रिंगा ताणलेल्या, पट्टे तटतटलेले, आणि नेमक्या त्या क्षणी वहिनी म्हणणार, "श्वास सोडा." एकेकट्या माणसाला हे कानाशी सांगितलं तर काही बिघडत नाही. पण सामूहिक वर्गात उत्साह पाहिजे म्हणून मालकांनी मोठ्याने गाणी लावायला सुरुवात केली होती. त्या दिवशी वहिनी म्हणाली, "पोट आत, जोर लावा, आणि श्वास सोडा." ढोलक्यातून वाट काढत पोलीसकाकांपर्यंत फक्त शेवटचा शब्द पोचला.

त्यांनी सोडलं. हुकूम आला की पाळायचा, विचार करायचा नाही, अशी त्यांची सगळी नोकरी गेलेली. पट्टे सुटले, स्प्रिंगांनी गाडी खेचली, आणि ती खालच्या अडसरावर धाडकन आदळली. शेजारच्याला वाटलं, आता हेच करायचं असावं. त्यानेही सोडलं. मग पलीकडचा. आठ गाड्या एकामागून एक धडाधड आदळल्या. शिंपीणबाईंची कवळी तोंडातून निघून रुळावर पडली आणि गाडीबरोबर थोडा प्रवास करून आली. खालून टायरवाला हातात जॅक घेऊन धावत वर आला. "कुणाचा फुटला?" त्याने विचारलं.

कुणाला काही लागलं नाही, हे नशीब. पोलीसकाका रिकामे हात वर धरून तसेच पडले होते. "आदेश आला," ते म्हणाले. "मी सोडलं."

मालक तसा वाईट माणूस नाही, पण घाबरला की तो आधुनिक होतो. त्याने विमा कंपनीला कळवलं. कंपनीने सांगितलं, आमचा माणूस येऊन एक वर्ग बघेल, मग ठरवू. मालकांनी वहिनीला बोलावून माझ्यासमोरच सांगितलं, "त्या साहेबांनी मान हलवली तर ठीक. नाही तर सामूहिक वर्ग बंद. मी भिंतीवर मोठा पडदा लावतो. त्यातली परदेशी बाई शिकवेल. तिला मराठी येत नाही, म्हणजे ती सोडा म्हणणारच नाही."

"पण ती यांना बघणार कशी?" वहिनीने विचारलं.

"तिने कशाला बघायला हवं? हे तिला बघतील की."

दुपारी वहिनी माझ्या शेजारी स्टुलावर बसून मोज्यांच्या जोड्या लावत होती आणि प्रत्येक जोडीत उजवा-डावा शोधत होती. मग म्हणाली, "मला पार्सलच्या कचेरीत परत नाही गं जायचं. तिथे मला बघून कुणी मानसुद्धा वर करायचं नाही. इथे आठ माणसं माझ्या शब्दावर श्वास घेतात." मोज्यांना उजवं-डावं नसतं हे सांगायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं. तोपर्यंत मला वाटायचं की हे तिचं एक खूळ आहे.

त्या दिवसापासून घरी 'सोडा' शब्दावर बंदी आली. वहिनीचं म्हणणं, जीभ एकच आहे, ती घरी सैल आणि वर्गात ताठ अशी वागणार नाही. तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं की या एका शब्दावर आमचं घर चालतं. दादाला रोज वहिनी स्कूटरवरून ऑफिसला सोडायची. आता तो दारात उभा राहून म्हणायचा, "मला ऑफिसपर्यंत नेऊन तू एकटीच परत येशील का?" शेजारच्या काकूंनी हे ऐकलं आणि आईला बाजूला घेऊन, दोघांचं बरं चाललंय ना, असं विचारलं. आईला डॉक्टरांनी साखर सोडायला सांगितली होती. "सोडली म्हणता येत नाही, म्हणून खातेय," असं म्हणून ती डब्यात चमचा घालायची. नवराबायकोची भांडणं आधी दादाच्या "जाऊ दे, विषय सोड" वर संपायची. आता ती संपेचनात. एक भांडण सोमवारी सुरू झालं आणि बुधवारी दोघांना आठवेना की कशावरून.

पर्यायी शब्दाचा शोध जोरात होता. वहिनीने खिडकीच्या गजांना दोन ओढण्या बांधल्या, आईला खुर्चीत बसवून त्या हातात दिल्या, आणि एकेक शब्द तिच्यावर लावून पाहिला. "श्वास टाका," म्हटल्यावर आईने ओढण्या टाकल्या. "श्वास काढा," म्हटल्यावर तिने गोंधळून पायातल्या चपला काढल्या. "फुंकर मारा," यातलं फक्त 'मारा' ऐकू आलं तर पोलीसकाका काय करतील या भीतीने तो शब्द आम्ही वापरलाच नाही. दादाने 'उच्छ्वास' सुचवला. पण तो उच्चारेपर्यंत माणसाचा श्वास संपून दुसरा सुरू होतो. "हुश्श करा," मी म्हटलं. आईने हुश्श केलं, आणि हुश्श केल्यावर माणूस जे करतो तेच केलं. मागे रेलून डोळे मिटले आणि चहा मागितला.

शेवटी 'फू' पसंत पडला. छोटा, साधा, आणि म्हणताना आपोआप श्वास बाहेर जातो. वर्गात आठ जण एका तालात फू फू करू लागले. टायरवाल्याने खालून विचारलं, वर हवा भरताय का?

पण जीभ ती जीभ. चार वेळा फू म्हटलं की पाचव्या वेळी वहिनीच्या तोंडून "सोडा" निसटायचंच. मग ती स्वतःच्या तोंडावर हात मारायची. असं दोनतीन दिवस चाललं आणि एका संध्याकाळी ती भाजी चिरता चिरता सुरी ठेवून उभी राहिली. "माझं तोंड काही सुधारत नाही," ती म्हणाली. "मी त्यांचे कान सुधारते."

दुसऱ्या दिवशी तिने गाणी बंद केली आणि वर्गाला नवा नियम सांगितला. "इथे सोडा म्हणजे धरा. मी म्हणो, मालक म्हणोत, रस्त्यावरून कुणी ओरडो. 'सोडा' कानावर पडलं की मुठी घट्ट, आणि गाडी हळू जागेवर. कळलं?" कुणाला कळलं नाही. तिने तालीम सुरू केली. मध्येच कधीही ओरडायची, "सोडा!" आणि आठही जणांनी आवळायचं. मी काचेबाहेरून बघत बसायचे. बाई भान हरपल्यासारखी सोडा सोडा ओरडतेय आणि माणसं जिवाच्या आकांताने धरून बसलीत, हे दृश्य पाहून नावं नोंदवायला आलेले दोघेजण परस्पर जिना उतरून गेले.

परिणाम मात्र झाला. जरा जास्तच झाला. पोलीसकाका एका कचेरीच्या दाराची मूठ धरून उभे होते, मागच्या माणसाने म्हटलं, "काका, दार सोडा," आणि काकांनी ते असं आवळलं की पहारेकऱ्याला त्यांची बोटं एकेक करून उकलावी लागली. शिंपीणबाईंच्या गिऱ्हाइकाने बाह्या घट्ट होतात, जरा सोडा, असं सांगितलं होतं. बाईंनी त्या आणखी आत घेतल्या. ती बिचारी लग्नाला गेली आणि सबंध दिवस कुणालाही हात वर करून बोलावू शकली नाही. वहिनीने दोघांचीही पाठ थोपटली.

विम्याचे साहेब आले ते एका सकाळी. बारीक, नीटनेटका माणूस. खुर्चीवर बसायच्या आधी ती हाताने दाबून बघायचा. माझ्याशी पहिलं वाक्य बोलला ते असं : "तुमच्या पाटीचा एक खिळा सैल आहे." मी मोजे दिले तर तळव्याचे ठिपके नखाने ओढून पाहिले. मालक त्यांच्याभोवती पिंगा घालत होते. भिंतीवर पडद्यासाठी चार भोकं पाडून ठेवलेली होती, आणि ती झाकायला मालकांनी कॅलेंडर लावलं होतं.

"मी बसून बघणार नाही," साहेब म्हणाले. "मी करून बघतो."

त्या दिवशी सात जण आले होते, आठवी खाट रिकामी होती. वहिनीने साहेबांना आधी दुखणीखुपणी विचारली. त्यांनी पंधरा वर्षांमागच्या एका लचकेपासून सुरुवात केली. मग कसं चढायचं, हात कुठे, पाय कुठे, हे दाखवलं. बाकीच्यांना सांगून ठेवलेला नियम त्यांनाही सांगणार, तोच मालक मध्ये पडले, "चला, सुरू करा, साहेबांना वेळ नाही." आणि तो नियम राहून गेला. वहिनीच्या ते लक्षात आलं. मला तिच्या मानेवरून कळलं. ती जाऊन साहेबांच्या खाटेला चिकटून उभी राहिली आणि पुढचा सगळा वर्ग तिने तिथूनच घेतला.

वर्ग छान चालला होता. फू, आणि आठ गाड्या वर. घ्या, आणि आठ गाड्या खाली, आवाज नाही. वहिनी दुरूनच सांगत होती, "पोलीसकाका, हनुवटी. शिंपीणबाई, तुम्ही डोकं खालीच ठेवा, तुम्हाला वेगळं देते." साहेबांच्या कपाळावर घाम आला होता आणि चेहऱ्यावर, विमा कंपनीला परवडणार नाही इतका आनंद. मालकांना तो आनंद दिसला आणि त्यांच्यातला यजमान जागा झाला. त्यांनी काचेचं दार उघडलं आणि आतूनच मला फर्मावलं, "अगं, साहेबांसाठी खालून एक थंडगार सोडा सांग! सोडा!"

गाड्या तेव्हा पार वर होत्या.

सात जणांच्या मुठी आवळल्या. पोलीसकाकांच्या गळ्याच्या शिरा मला काचेतून दिसल्या. सातही गाड्या हळूहळू खाली सरकत जागेवर येऊन थांबल्या. साहेबांनी मात्र सोडलं. ते बिचारे शब्दाचा शब्दकोशातला अर्थ घेऊन आलेले. मुठी सुटून कप्प्यांवर खाडकन आपटल्या, आणि गाडी खाली झेपावली, ती बोटभरच. वहिनीने गादीला खांद्यापाशी घट्ट बसवलेल्या उशीला दोन्ही हात घातले होते, एक पाय चौकटीला रोवला होता, आणि तिच्या तोंडून शब्द निघाला तो "फू." मग तिने ती गाडी, साहेबांसकट, तसूतसूने खाली आणली. इतक्या हळू की साहेबांना आपण खाली येतोय हे कळायलाही वेळ लागला.

"मी सोडलं," साहेब छताकडे बघत म्हणाले.

"हो," वहिनी म्हणाली. "चूक माझी. मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

"यांनी का नाही सोडलं?"

पोलीसकाकांनी पडल्या पडल्या उत्तर दिलं, "इथे सोडा म्हणजे धरा, साहेब." साहेबांनी ते दोनदा म्हणून घेतलं. मालक दारात उभ्या उभ्या पांढरेफटक पडले होते. ओरडणं ऐकून टायरवाल्याने पाठवलेला सोडा मी त्यांच्याच हातात दिला. त्यांनी तो घटाघटा पिऊन टाकला.

वर्ग संपवून वहिनी साहेबांबरोबर दारापाशी आली. बाकीचे आवरत होते. साहेब म्हणाले, "मी बरेच वर्ग पाहिलेत. तिथे माणसं हुशार असतात म्हणून वाचतात. इथे माणसं बाईंनी वाचवली. माझ्याकडून वर्ग चालू राहायला हरकत नाही." वहिनीने डोळे मिटले. "पण एक अडचण आहे. हे सगळं तुमच्यावर आहे. तुम्ही आजारी पडलात तर? दुसरं कोण आहे, ज्याला हे दिसतं? दुसरं माणूस असल्याशिवाय मला हो म्हणता येणार नाही."

दुसरं कुणी नव्हतंच. मालकांना एकदम तरतरी आली. "आजारपणासाठी पडदा आहे ना साहेब," ते म्हणाले आणि कॅलेंडरकडे हात केला. मला त्या हाताचा भयंकर राग आला. या बाईने कान बदलले माणसांचे, आणि हा भोकं दाखवतोय. मी त्यांच्या खांद्यावरून आत पाहत होते, खरं तर भरून आलेले डोळे कुणाला दिसू नयेत म्हणून.

आत शिंपीणबाई आपल्या गाडीवर बसूनच आवराआवर करत होत्या. टापटीप बाई. काम संपलं की मशीनवरचा दोरासुद्धा गुंडाळून ठेवणार. त्यांनी बसल्या बसल्या स्प्रिंगा एकेक करून काढल्या होत्या. लाल लोंबत होती, निळी लोंबत होती, पिवळी लोंबत होती. गाडीला आता कुणीच धरलेलं नव्हतं, आणि बाई दोन्ही हात गादीवर टेकून उठायच्या बेतात होत्या.

"बाई, हलू नका!" मी ओरडले. साहेबांना बाजूला ढकललं, मालकांना ढकललं, मोज्यांची टोपली पाडली, आणि गुडघ्यांवर घसरत जाऊन खांद्याच्या उशीला दोन्ही हात घातले. एक पाय चौकटीला. गाडी सरकायला लागलीच होती, तिचं ओढणं मला कोपरापर्यंत जाणवलं. "एक हात दांडीवर. दुसरा माझ्या खांद्यावर. आता हा पाय खाली. आता तो. दांडीवरचा हात काढू नका अजून." बाई उतरल्या. दोन्ही पाय जमिनीला लागले. मी निळी स्प्रिंग परत अडकवली.

"तुला कुणी गं शिकवलं?" शिंपीणबाईंनी विचारलं.

कुणी नाही. एवढे दिवस काचेबाहेर बसून मी नुसती थट्टा करत होते, आणि थट्टा करायलाही नीट बघावं लागतं.

मी मागे वळले. वहिनी दारात उभी होती, आणि पहिल्यांदाच तिची नजर माझ्या खांद्यांवर नव्हती, चेहऱ्यावर होती. तिने बोट केलं. "ही," ती साहेबांना म्हणाली. "दुसरी ही. उद्यापासून शिकवायला घेते. परीक्षा होईपर्यंत मी आजारी पडत नाही."

मालक काहीतरी बोलणार होते. पोलीसकाकांनी हात आडवा करून त्यांना थांबवलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, लोंबणाऱ्या स्प्रिंगांकडे पाहिलं, आणि खिशातून पेन काढलं. "ठीक आहे," ते म्हणाले. "नाव?"

वहिनीने तोंड उघडलं. ती आता रडत होती, हसतही होती, आणि त्या गडबडीत तिला माझं नावच आठवेना.

"नणंद," ती म्हणाली. "नणंद लिहा माझी."